‘बूबू जिंगशिन’ बघायला घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चिनी मालिका मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात मारली, त्या सगळ्यांनी फिरून फिरून हेच प्रश्न विचारले. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. शेवटच्या प्रश्नात मालिकेचा शेवट आहे. ज्यांना तो नको असेल त्यांनी तिथे थांबावं. मधेमधे इतिहास येतो, त्याला इलाज नाही. तीनशे वर्षं जुनी गोष्ट लपवणार तरी किती?

ही मालिका आहे तरी काय?

2011 च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या हुनान वाहिनीवर ती सुरू झाली. एकूण 35 भाग. बाहेरच्या देशांत ती ‘स्कार्लेट हार्ट’ या नावाने ओळखली जाते. तोंग हुआ या लेखिकेने 2005 पासून इंटरनेटवर क्रमशः लिहिलेल्या कादंबरीवरून ती केली.

गोष्ट अशी: झांग श्याओ ही आजच्या काळातली, ऑफिसात नोकरी करणारी मुलगी. तिला अपघात होतो आणि डोळे उघडतात ते थेट छिंग राजवटीत, कांगशी बादशहाच्या कारकिर्दीच्या 43 व्या वर्षी, म्हणजे 1704 मध्ये. आता ती रुओशी आहे, वायव्य सरहद्दीवरच्या एका सरदाराची धाकटी मुलगी. थोरली बहीण रुओलान आठव्या राजपुत्राची दुय्यम बायको, म्हणून हीही त्याच वाड्यात राहते. तिथे राजपुत्रांची सतत ये-जा असते. पुढे तिला राजवाड्यात सेवेला जावं लागतं आणि बादशहाच्या चहाचं काम तिच्याकडे येतं. बादशहा म्हातारा होत चाललाय, त्याच्या मुलांचे डोळे गादीवर आहेत, आणि ही पोरगी हातात तबक घेऊन त्या सगळ्यांच्या मधून ये-जा करते आहे.

नावाचा अर्थ काय?

‘बू’ म्हणजे पाऊल. पावलापावलाला काळजात धस्स होणं, असा साधारण अर्थ. मालिका बघताना तो अक्षरशः दिसतो. मांचू, म्हणजे छिंग राजघराण्याच्या जमातीतल्या, सरदारघराण्यांमधल्या बायकांच्या बुटांना टाच मागे नसते, तळव्याच्या बरोबर मध्यावर लाकडाचा उंच ठोकळा असतो. उंच खडावा घालून घासलेल्या फरशीवरून चालावं तसं ते चालणं. घाई केली की तोल गेलाच. त्या बायका इतक्या जपून का चालतात, हा प्रश्न मला दोन भागांनंतर पडायचा थांबला. पुढे कळलं की कारण फक्त बूट नव्हते.

चौथा, आठवा, दहावा, तेरावा, चौदावा… एवढे भाऊ लक्षात कसे ठेवायचे?

नावांच्या मागे लागू नका. सगळी नावं ‘यिन’नेच सुरू होतात आणि पहिल्या दिवशी ती एकसारखीच ऐकू येतात. आकडे लक्षात ठेवा. मालिकेतली माणसंसुद्धा ‘चौथे’, ‘आठवे’ असंच बोलतात. आपल्याकडे थोरले, मधले, धाकटे म्हणतात ना, तसंच, फक्त यादी लांबलचक. क्रमांक मिळालेले कांगशीचे मुलगेच 24 होते.

माझी युक्ती म्हणजे गट पाडायचे. चौथा आणि तेरावा एका बाजूला. चौथा मितभाषी, थंड, चेहऱ्यावरची रेष न हलवणारा. तेरावा मोकळा, दारू आणि गाण्यात रमणारा, पण चौथ्यासाठी जीव द्यायला तयार. दुसऱ्या बाजूला आठवा, नववा, दहावा आणि चौदावा. आठवा मधाळ, सगळ्यांना आपलंसं करणारा. नववा कपटी. दहावा भोळा सांब. चौदावा तरुण, सैनिकी बाण्याचा. गंमत अशी की हा चौदावा चौथ्याचा सख्खा भाऊ, एकाच आईच्या पोटचा, आणि तरी विरुद्ध गटात. युवराज दुसरा. तो कुठल्याच गटात नाही. तो फक्त गादीवरून घसरत असतो.

पाच भाग बघितलेत की चेहऱ्यांशी आकडे आपोआप जुळतात. तोवर कागदावर लिहून ठेवायला लाजू नका. माझ्या एका मावशीने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती.

ही माणसं खरंच होऊन गेली का?

राजपुत्र खरे, रुओशी काल्पनिक. कांगशी 1661 ते 1722 गादीवर होता. चीनमध्ये इतकी प्रदीर्घ कारकीर्द दुसऱ्या कुठल्याच बादशहाची नाही. त्याने युवराजाला 1708 मध्ये पदच्युत केलं, पुढच्याच वर्षी परत नेमलं आणि 1712 मध्ये कायमचं काढलं. नवा युवराज मात्र उघडपणे नेमलाच नाही. गादी मोकळी दिसू लागल्यावर बाकीच्या मुलांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

मराठी वाचकाला हा काळ ओळखीचा वाटेल. रुओशी डोळे उघडते त्या 1704 मध्ये औरंगजेबाने तोरणा घेतला होता आणि ताराबाई त्याला दमवत होत्या. औरंगजेब आणि कांगशी दोघेही जवळपास एकाच सुमाराला गादीवर आले, दोघांनीही ती पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त वर्षं सोडली नाही, आणि दोघांच्याही मुलांनी एकमेकांना सुखाने जगू दिलं नाही. औरंगजेब 1707 मध्ये गेला आणि मुलं लगेच लढायला उभी राहिली. तिकडे बाप जिवंत असतानाच लढाई चालू होती, आणि तीही तलवारीने कमी, कानगोष्टींनी जास्त.

1722 च्या डिसेंबरमध्ये कांगशी वारला आणि चौथा राजपुत्र योंगजेंग या नावाने बादशहा झाला. चौदावा तेव्हा सेनापती म्हणून राजधानीपासून दूर, वायव्येला होता. यातूनच ती प्रसिद्ध अफवा निघाली की मृत्युपत्रात ‘चौदाव्याला गादी’ असं होतं आणि चौथ्याने अक्षरात थोडी खाडाखोड करून ते ‘चौथ्याला’ असं केलं. इतिहासकार ती मानत नाहीत. दरबारी कागद मांचू भाषेतही असायचे, आणि चिनीतसुद्धा राजपुत्राचा उल्लेख ज्या साच्यात होत असे त्यात एक रेघ ओढून भागत नाही. पण अफवा तीनशे वर्षं टिकली, कारण लोकांना ती खरी वाटायला हवी होती.

बादशहाचं नाव दुसऱ्या कुणी लावायचं नाही, या रिवाजामुळे बाकीच्या भावांना आपल्या नावातलं ‘यिन’ बदलून ‘युन’ करावं लागलं. आठव्याचं तर राजघराण्यातलं नावच काढून घेतलं. तो 1726 मध्ये कैदेत मेला, नववाही त्याच वर्षी. तेराव्यावर मात्र योंगजेंगचा जीव होता. 1730 मध्ये तो वारल्यावर बादशहाने त्याला त्याचं मूळ ‘यिन’ परत दिलं. या एका अक्षरात त्या घराण्याची सगळी कथा आहे, आणि हे कुठल्याही पटकथाकाराने रचलेलं नाही.

शेवट जगजाहीर आहे, मग बघायचं कशाला?

हाच खरा प्रश्न, आणि मालिकेची सगळी ताकद याच ठिकाणी आहे.

काळात मागे जाणाऱ्या नायिका पुष्कळ असतात. बहुतेकींना भविष्य माहीत असण्याचा फायदा होतो. त्या हुशार ठरतात, लोकांना चकित करतात. रुओशीही सुरुवातीला ते करते. तुम्हाला मी चांगला बादशहा का वाटतो, असं कांगशी विचारतो तेव्हा ती त्याला माओची 1936 मधली कविता ऐकवते! सव्वादोनशे वर्षांनी लिहिली जाणार असलेली ती कविता ऐकून बादशहा खूश होतो. बघणारे चिनी प्रेक्षक ते ऐकताना हसून हसून मेले असतील.

पण हळूहळू हसू आटतं. तिला माहीत आहे की चौथा जिंकणार. तिला माहीत आहे की आठवा संपणार. आणि ती प्रेमात पडते ती आठव्याच्या. आता काय करायचं? ती त्याला गादीचा नाद सोड म्हणून विनवते. सरहद्दीपलीकडच्या गवताळ माळावर, दोघं एकमेकांचे झालेले असताना, ती त्याला सरळ विचारते. तो नाही म्हणतो. तिथे ती त्याच्यापासून दूर होते, पण जाताना तिला राहवत नाही. चौथ्यापासून जप, असं ती त्याला सांगते, आणि चौथ्याच्या जवळच्या काही माणसांची नावंही सांगून टाकते.

ते वाक्य प्रेमापोटी आलेलं असतं. त्याचं पुढे काय होतं बघा. आठवा सावध होतो आणि सावध झाला म्हणून चौथ्यावर डाव टाकतो. तो आळ चौथ्यावर येऊ नये म्हणून तेरावा स्वतःवर घेतो आणि दहा वर्षं नजरकैदेत सडतो. त्याचा सूड चौथ्याच्या मनात साठतो. बादशहा झाल्यावर तो आठव्याला जे करतो ते यातूनच येतं. रुओशीला जे टाळायचं होतं ते तिच्याच तोंडून सुरू झालेलं असतं. ही गोष्ट तिला पुष्कळ उशिरा, आठव्याची पट्टराणी मिंगहुई तोंडावर फेकते तेव्हा कळते.

नियतीची गोष्ट आपल्याला नवी नाही. कंसालाही आकाशवाणीने आधीच सगळं सांगितलं होतं, आणि त्याने जे जे केलं त्याने तीच गोष्ट जवळ आली. फरक इतकाच की इथे आकाशवाणी ऐकणारी कंस नाही. घाबरलेली, प्रेमात पडलेली, साधी मुलगी आहे. मालिकेचं प्रेमप्रकरण म्हणून जे काही आहे ते या माहितीच्या ओझ्याखाली वाकलेलं आहे. ती कुणाकडेही बघताना आधी त्याच्या मृत्यूचं साल आठवते आणि मग हसते. शेवट माहीत असल्याने आपली मजा जात नाही, उलट आपण तिच्या शेजारी जाऊन बसतो. त्या अख्ख्या राजवाड्यात शेवट माहीत असलेले दोघंच, ती आणि आपण.

आठवा की चौथा?

चीनमध्ये यावरून प्रेक्षकांचे सरळ पक्ष पडले: चौथ्याचा पक्ष आणि आठव्याचा पक्ष. दोघांच्या नावापुढे आदराचं ‘ये’ लावतात, ‘स्स-ये’ म्हणजे चौथे आणि ‘बा-ये’ म्हणजे आठवे.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आठव्याची होते. आठव्याचं काम करणाऱ्या केविन चेंगच्या डोळ्यांना कोण नाही म्हणेल? दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, आठवा गोड बोलतो, पण तिच्यासाठी काही सोडत नाही. गादी हवी, पट्टराणी हवी, रुओलान घरात हवी आणि हीही हवी. चौथा तिला खोटी आशा लावत नाही. तुला गादी हवी आहे का, असं ती त्याला विचारते तेव्हा तो हो म्हणतो. ज्या दरबारात असं एक ‘हो’ डोकं उडवू शकतं, तिथे! माझ्या मते रुओशी त्याच्याकडे वळते ती या खरेपणामुळे. बाकी चौथ्याचं काम करणाऱ्या निकी वूचं ते न हसणं वगैरे नंतर.

तेरावा कैदेत असताना, त्याच्या प्रिय ल्यूवूला तरी त्याच्याजवळ राहू द्या, अशी विनवणी करत रुओशी भर पावसात दरबारासमोर गुडघे टेकून बसते. चौथा येतो आणि तिच्यासोबत भिजत उभा राहतो. बोलत काहीच नाही. चौथ्याच्या पक्षातली निम्मी भरती त्या पावसातली आहे.

आणि खरं सांगायचं तर मला दोघांपेक्षा तेरावा आवडतो. त्याच्यात आणि रुओशीत प्रेम नाही, निखळ मैत्री आहे. एका समारंभातून तो तिला सरळ घोड्यावर घालून नेतो, दोघं रात्रभर दारू पितात, बोलतात, बस. बाईपुरुषांची अशी मैत्री, कुठलाही गैरअर्थ न काढता, पडद्यावर फार वेळा दिसत नाही.

पहिले दोन-तीन भाग बालिश वाटले. सोडून देऊ?

नका सोडू. सुरुवातीला ती उड्या मारते, डोळे मोठे करते, एका समारंभात मिंगयू नावाच्या मुलीशी झिंज्या धरून मारामारी करते. त्यावरून तिला एक टोपणनावही पडतं, जिवावर उदार झालेली अशा अर्थाचं. संगीतही तेव्हा टिंगटिंग वाजतं. हे सगळं मुद्दाम आहे. राजवाड्यात गेल्यावर तीच मुलगी कशी हळूहळू गप्प होते ते बघायचं असेल तर ती आधी किती बडबडी होती हे माहीत हवं. सात-आठ भागांनंतर तिचे खांदे बघा. रुओशीचं काम करणाऱ्या ल्यू शिशीने बॅलेचं शिक्षण घेतलेलं आहे, शरीराने बोलणं तिला जमतं. विसाव्या भागापर्यंत ती मान किती अंशात खाली घालते आहे त्यावरून समोर कोण आहे ते ओळखता येतं.

अर्धं डोकं भादरलेले नायक कुणाला आवडतात?

मलाही आधी असंच वाटलं. मांचू राजवटीत पुरुषांना कपाळावरचे केस काढून मागे वेणी ठेवावी लागे, हा नियमच होता. तिसऱ्या भागात डोळ्यांना सवय होते. दहाव्या भागात केस असलेला नट विचित्र दिसू लागतो.

नट जरा वयस्कर नाहीत का?

आहेत. 1704 मध्ये खरा चौथा राजपुत्र 26 वर्षांचा होता, आठवा 23 चा. निकी वू आणि केविन चेंग दोघेही चाळिशीला टेकलेले. पण गोष्ट वीसएक वर्षांचा काळ ओलांडते, त्यामुळे उत्तरार्धात हे वय कामी येतं. बादशहा झालेल्या चौथ्याच्या चेहऱ्यावरचा थकवा पंचविशीच्या पोराला आणता आला नसता. निकी वू आणि ल्यू शिशी यांचं पुढे प्रत्यक्षात लग्नही झालं, हे त्या काळी चाहत्यांसाठी दिवाळीइतकं मोठं होतं.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं का वाटतं?

कारण आवाज बऱ्याचदा दुसऱ्यांचे असतात. चिनी मालिकांमध्ये नंतर आवाज भरण्याची पद्धत जुनी आहे. नट हाँगकाँगचे, तैवानचे, मुख्य भूमीचे, प्रत्येकाचा हेल वेगळा. शिवाय चित्रीकरण जिथे चालतं तिथे शेजारीच दुसऱ्या मालिकेची लढाई सुरू असते. राजवाड्याच्या मालिकांचं मोठं केंद्र म्हणजे जेजियांग प्रांतातलं हेंगद्यान, जिथे बीजिंगच्या राजवाड्याची अख्खी प्रतिकृती उभी आहे. दोन भागांत कान सरावतात.

सबटायटलमध्ये काय हरवतं?

पुष्कळ. इंग्रजी सबटायटल घेऊन बघावं लागतं आणि इंग्रजीत सगळे एकमेकांना सरसकट ‘यू’ म्हणतात. मराठी माणसाने हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तू, तुम्ही, आपण यांतला फरक आपल्याला जन्मापासून कळतो. त्या भाषेत कुणी कुणाला काय म्हणतं, स्वतःला काय म्हणवून घेतं, यावर जीव टांगलेला असतो. दासी ‘मी’ म्हणत नाही, ‘गुलाम’ म्हणते.

सगळ्यात सुंदर गोष्ट ‘मी’ या शब्दाची. बादशहाने स्वतःसाठी वापरायचा खास शब्द आहे, ‘जेन’. तो दुसऱ्या कुणीही उच्चारायचा नाही. साधा, सगळ्यांचा ‘मी’ म्हणजे ‘वो’. चौथा गादीवर बसल्यावर दरबारात ‘जेन’ म्हणतो, पण रुओशीशी एकांतात बोलताना ‘वो’. आपल्याकडे महाराज दरबारात ‘आम्ही’ म्हणतील आणि आत येऊन राणीशी ‘मी’ म्हणतील, तसं. इंग्रजी सबटायटल दोन्हीला ‘आय’ लिहून मोकळं होतं. म्हणून कान उघडे ठेवा. एखाद्या भांडणात तो तिच्याशी बोलताना ‘जेन’वर गेला की समजा, नवरा बाहेर गेला आणि बादशहा आत आला.

बायका एकमेकींशी भांडतात तशातली ही मालिका आहे का?

नाही म्हणता येणार नाही, पण तो गाभा नाही. अंतःपुरातल्या कारस्थानांच्या मालिका वेगळ्या, आणि त्याच वर्षी तशी एक फार गाजलेलीही आली. इथे बायका भांडतात त्यापेक्षा जास्त सोसतात. रुओलानच आठवा. लग्नाआधी तिचं एका सैनिकावर प्रेम होतं, त्याच्या मृत्यूला नकळत नवराच कारणीभूत झाला. ती वर्षानुवर्षं त्याच घरात जप करत बसते. मरताना तिला एकच गोष्ट हवी असते, सोडचिठ्ठी, म्हणजे त्या सैनिकाजवळ पुरलं जाता येईल. आठवा ती देतो. त्या एका प्रसंगासाठी मी त्याला बरंच माफ केलं.

आणि बादशहाने चौदाव्याशी लग्न ठरवल्यावर रुओशी नाही म्हणते, तेव्हा तिला फटके बसतात आणि थेट कपडे धुण्याच्या विभागात रवानगी होते. महिना-दोन महिने नाही, कित्येक वर्षं. हिवाळ्यात गार पाण्यात हात घालून. तिचे गुडघे आणि हात तिथेच कामातून जातात. पुढे ती अशक्त का, आजारी का, याचं उत्तर त्या पाण्यात आहे. मालिका आजाराचं नाटक करत नाही, हिशोब ठेवते.

मुलांबरोबर बघता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या खालच्या मुलांबरोबर नको. अंगप्रदर्शन नाही, प्रेमप्रसंग अगदी सोवळे आहेत. पण रुओशीची जिवलग मैत्रीण यूतान हिला नवा बादशहा हेर म्हणून जी शिक्षा देतो, ती जिवंतपणी वाफेत कोंडण्याची आहे. पडद्यावर फार दाखवलेलं नाही, तरी माझ्या आईने तिथे पोळी लाटणं थांबवलं आणि उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र बरोबर नऊ वाजता टीव्हीसमोर हजर.

काळात मागे जाण्यावर चीनमध्ये आक्षेप होता, हे खरं का?

खरं आहे. 2011 च्या वसंतात तिथल्या दूरचित्रवाणी नियामकांनी अशा मालिका इतिहास हलकेपणाने हाताळतात, अशी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला याच राजपुत्रांवरची, याच धर्तीची दुसरी एक मालिका तुफान चालली होती. ‘बूबू जिंगशिन’ तरीही आली आणि गेली नाही. एक निरीक्षण नोंदवते: काळप्रवास या मालिकेत जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा आहे. यंत्र नाही, मंत्र नाही, परत जायची खटपटही फारशी नाही. तिला सासर मिळाल्यासारखा तो काळ मिळतो. एकदा आलात की इथेच निभवायचं.

कोरियन आवृत्ती आधी बघितली आहे. मग ही बघायची का?

2016 मध्ये कोरियात ती ‘मून लव्हर्स’ म्हणून 20 भागांत झाली, तिथल्या गोर्यो राजवटीत नेऊन बसवलेली. आयू आणि ली जुन-गी त्यात आहेत. दिसायला ती जास्त देखणी, पोरं जास्त तरुण, आणि ली जुन-गी अफलातून. पण वीस भागांत घाई होते. चिनी मालिकेत वर्षं जातात हे जाणवतं, कोरियनमध्ये ऋतू जातात. शिवाय कोरियन नायिका इतिहास जेमतेम जाणते, त्यामुळे वर सांगितलेलं ओझं तिथे हलकं आहे. ती बघितली असेल तर ही नक्की बघा. एकही बघितली नसेल तर हीच आधी.

2014 मध्ये चिनी मालिकेचा पुढचा भाग आला, आजच्या काळात घडणारा. तो नाही बघितला तरी चालेल. मी चार भाग बघितले आणि कपाट आवरायला घेतलं.

दोष काहीच नाहीत?

आहेत की. दहावा, आठवा, चौदावा, चौथा, जो तो तिच्याच प्रेमात. हे पचवायला जड आहे. ठरावीक तीन-चार धून सारख्या वाजतात. काही दृश्यांत प्रकाश असा की राजवाडा आहे की लग्नाचं कार्यालय, कळत नाही. आणि शंभर टक्के आजची मुलगी असलेली नायिका पुरुषांच्या तीन-तीन बायका इतक्या लवकर कशा स्वीकारते, याचं उत्तर मालिका नीट देत नाही.

शेवटी रडू येतं म्हणतात ते कशाने? (इथे शेवट आहे.)

मरणाने नाही. पत्राने.

बादशहा झालेल्या चौथ्याबरोबर राहणं रुओशीला अशक्य होतं. मूल जातं, यूतान जाते, आठव्याचं घर उद्ध्वस्त होतं. राजवाड्यातून बाहेर पडायचा एकच मार्ग उरतो. चौदाव्याशी नावापुरतं लग्न करून ती त्याच्या घरी जाते. तिथे तिची प्रकृती ढासळते. वेळ थोडा आहे हे तिला कळतं आणि ती चौथ्याला पत्र लिहिते: ये.

आता हे लक्षात घ्या. मागच्या सगळ्या वर्षांत तिने चौथ्याचं अक्षर समोर ठेवून गिरवलेलं असतं. सुरुवातीला वेळ जावा म्हणून, पुढे त्याची आठवण म्हणून. इतकं की आता तिचं अक्षर त्याच्यासारखंच आलंय. पाकिटावर बादशहाचं हस्ताक्षर! बघणाऱ्याला काय वाटेल? म्हणून चौदावा भल्या मनाने ते पत्र दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर स्वतःच्या हाताने पत्ता लिहितो. तिकडे चौदाव्याची बोचरी पत्रं वाचून बादशहाचं डोकं आधीच फिरलेलं. पाकिटावर त्या भावाचं अक्षर दिसतं आणि तो ते न फोडताच बाजूला टाकतो.

ती वाट बघते. रोज विचारते, कुणी आलं का. दारात फुलं उमलतात, गळतात.

ती गेल्याची बातमी आल्यावर मग ते पाकीट उघडलं जातं. आत दुसरं पाकीट, आणि त्यावर त्याचं स्वतःचं अक्षर, त्याने कधीच न लिहिलेलं.